शेळीनं खाल्लेला शेवट

चार माणसं वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसली की किस्से आपोआप साठतात. झाडून काढले तरी कोपऱ्यात दोन-चार उरतातच!

आमच्या वसमतच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी आमी चौघं बसतो. मी राजू, माझं मेडिकलचं दुकान. मुंजाजी, घरी चाळीस शेळ्या. कुसुमताई, शेजारच्या हट्टा गावच्या शाळेत बाई होत्या. आन् दिगंबरकाका, आमचे ग्रंथपाल. काकू जाऊन बारा वर्षं झाली, तवापासून वाचनालय हेच काकांचं घर.

आमच्या सगळ्यांचं लाडकं पुस्तक एकच. लाल पुठ्ठ्याची, प्रेमाची, विनोदी कादंबरी. गावात जनावरांचा नवा डॉक्टर येतो. नायिकेला आवडतो, पण सांगावं कसं? मग ती निरोप धाडते, ‘माझी शेळी आजारी आहे, डॉक्टरांना पाठवा.’ शेळी ठणठणीत! हळूहळू अख्ख्या गावाला कळतं, फक्त डॉक्टरला न्हाई.

*

मुंजाजीनं हे पुस्तक शेळ्यांमागं रानात नेलं. वाचता वाचता बाभळीखाली डोळा लागला. उठून बघतो तर शेवटची बारा पानं गायब!

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून काकांपुढं उभा. “काका, चूक झाली. पर तांबडीनं लई आवडीनं खाल्ली!”

काका रागावले न्हाईत, पोट धरून हसले. पुस्तक आता छापत न्हाईत, दुसरी प्रत मिळंना. आमच्यात शेवट वाचलेला माणूस एकटे काकाच. मग रीतच पडली. पुस्तक परत करायला कुणी आलं की काका चहा सांगायचे, चष्मा पुसायचे आन् शेवट तोंडी सांगायचे.

*

सगळं गाव कुसुमताईंना ताई म्हणतं. काका तेवढे ‘मॅडम’ म्हणतात.

मुंजाजीनं एकदा तोंडावरच विचारलं, “काका, तुमी काहून ताई म्हणत न्हाई?”

काका तडक स्टुलावर चढले आन् कपाटावरची धूळ पुसाय लागले. कपाट सकाळीच पुसलं होतं!

आमाला काय कळत नव्हतं का? पण काका बोलतील तर शपथ. यंदा ताई रिटायर झाल्या. पुण्याचा भाऊ कायमचं बोलावून राहिला, दिवाळीनंतर जायचं ठरलं. काकांचं तोंड बघवत नव्हतं. काका बोलले न्हाईत तर ताई जाणार, हे आमाला दिसत होतं आन् आमचा जीव नुसता वरखाली.

*

तेवढ्यात त्या कादंबरीचा सिनेमा आला. रविवारी वाचनालयाच्या टीव्हीवर लावला. पाहतो तर काय, गावाचा गोवा झालेला आन् शेळीचं झालेलं विलायती कुत्रं!

मुंजाजी खवळला. “अरे, कुत्रं आजारी पडलं तर लोक गाडीत घालून दवाखान्यात नेतात. डॉक्टर दारात यायचा तर शेळीच पाहिजे! एवढं साधं कळंना यांना?”

समीक्षा म्हणजे आणखी काय असतं सांगा!

ताई हळूच म्हणाल्या, “पुस्तकात ती पहिला निरोप द्यायला तीन पानं घेते. निरोप्याला दारातून दोनदा परत बोलावते. इथं मोबाईलवर अंगठा दाबला की झालं. हसू येतं, पण पोटात गोळा येत न्हाई.”

काकांनी एवढ्या जोरात मान हलवली की चष्मा मांडीत पडला.

*

सिनेमाचा शेवट विमानतळावर. पळापळ, मिठी, टाळ्या.

मी म्हटलं, “शेवट पार बदलला की! पुस्तकात ती त्याला नकार देते आन् स्वतःची डेअरी काढते.”

“काय बी सांगतो!” मुंजाजी उसळला. “शेळीला दोन करडं होतात आन् गोठ्यातच लग्न ठरतं!”

आमी दोघांनी वळून काकांकडं पाहिलं. काका लालेलाल!

मग माझ्या ध्यानात आलं. मी पुस्तक परत केलं त्याच महिन्यात माझी सोयरीक मोडली होती. आन् मुंजाजीला शेवट सांगितला तवा त्याची तांबडी शेळी मरता मरता वाचली होती.

“काका, खरा शेवट कोणता?”

“आठवत न्हाई रे,” काका पुटपुटले. “वाचून तीस वर्षं झाली. ज्याला जो सोसवंल तो सांगितला.”

“राजू, मेडिकल तुझं आन् औषध वाटून राहिले काका!” मुंजाजी म्हणाला. “ताई, तुमाला कोणता सांगितला?”

“मी सात वेळा नेलं पुस्तक,” ताई म्हणाल्या. “सातही वेळा म्हणाले, ‘पुढच्या रविवारी सांगतो, मॅडम.’”

ताईंनी पिशवी उचलली आन् त्या घरी गेल्या.

*

बुधवारी सकाळी मी पेपर चाळत बसलो होतो. काका टेबलाशी पावत्या फाडत होते. ताईंच्या घरी सामानाची बांधाबांध सुरू झालेली. मुंजाजीनं मोटरसायकल दारात लावली.

“काका, कुसुमताईंचा निरोप हाय. दारातून दोनदा परत बोलावून सांगितलंय. ‘माझी शेळी आजारी आहे, दिगंबररावांना पाठवा.’”

काका उठले. कपाटाच्या काचेत बघून केसांवर हात फिरवला. आमाला बाहेर काढून भर दहा वाजता वाचनालयाला कुलूप घातलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! किल्ली माझ्या हातात दिली आन् चालाय लागले. जाताना पायात एक चप्पल त्यांची, एक माझी.

शेळीचं नाव निघालं की मुंजाजीला बाकी काही दिसत न्हाई. डोकं खाजवत उभा. “राजू, ताईंकडं शेळी हाय कुठं? आन् काकाला शेळीतलं काय कळतंय? थांब, मीच जाऊन बघतो.”

त्यानं किक मारली. मी मागून कॅरिअर धरलं आन् ओरडलो, “मुंजाजी, गाडी बंद कर!”