अक्का आणि काळी नदीतला महसीर

दाजी जंगल खात्यात होते. हल्याळच्या बाजूला हिवतापानं ते गेले आणि माझी थोरली बहीण अक्का आमच्या जुन्या हुबळीतल्या घरी परत आली, तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक आणि कॅनव्हासची लांब पिशवी होती. अप्पांना वाटलं, बंदूक असेल. पिशवी दोन वर्षं कपाटामागं उभी होती. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मी तेव्हा हुबळीतच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. दिवाळीनंतर एकदा शाळेतून घरी आलो, तर अक्का अंगणात बसून पितळेच्या रिळाला तेल घालत होती. शेजारी त्या पिशवीतली चिरलेल्या वेळूची तीन तुकड्यांची काठी होती. बदली होऊन जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं ती दाजींना दिलेली.

"नाताळच्या सुट्टीत दांडेलीला येशील?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"महसीर धरायला. मला येतं. त्यांनी शिकवलंय."

मासे आमच्या घरात चालत, पण बाईमाणसानं नदीवर जाऊन ते धरायचे म्हणजे आईला पटेना. "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली.  अप्पा कानडीत म्हणाले, "होगलि बिडु." जाऊ दे तिला.

तयारीला महिना गेला. रिळावरचा जुना रेशमी दोरा तिनं ओढून पाहिला तर तो जागोजागी तुटला. दाजीबानपेठेत रेशमाचे गोंडे वळणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून तिनं ऐंशी वाव, म्हणजे एकशेसाठ वार, दोरा वळून घेतला आणि जवसाच्या तेलात भिजवून अंगणात वाळवला. दोऱ्याच्या टोकाला तंबोऱ्याची पोलादी तार, दुहेरी पिळून, कारण खडकावर घासून दोरा टिकत नाही. आईची एक मोडकी पितळी पळी होती, तिची वाटी कापून तांबटाकडून ठोकून घेतली. पाण्यात ती गरगर फिरते आणि महसिराला लहान मासा वाटते.

"गळ जाड हवा," अक्का मला दाखवत म्हणाली. "याच्या ओठांत बळ असतं. बारीक गळ सरळ करून टाकतो."

दांडेलीला दाजींच्या हाताखालच्या एका जुन्या गार्डाकडे आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच काळी नदीवर गेलो. अक्कानं काष्टा घट्ट खोचला होता. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. जिथं धार खडकांतून सुटून डोहात उतरत होती, तिथं तिनं पळी पलीकडच्या काठाकडे टाकली, थोडी बुडू दिली आणि हळूहळू ओढून घेतली. असं दुपारपर्यंत. मला कंटाळा आला. तिला आला नाही.

दुपारी काठी एकदम वाकली आणि रीळ करकरायला लागलं. मासा धारेबरोबर खाली सुटला. अक्का दोरा न अडवता तळहातानं रीळ नुसतं दाबत खडकांवरून त्याच्या मागं चालली. पाऊण तासानं तो थकून काठाजवळ आला. सोनेरी खवले दिसले. त्याच्या जबड्याखाली दांड्याचा लोखंडी आकडा घालून बाहेर ओढायचं काम माझं होतं. मी आकडा विसरलो. मासा पुन्हा वळतोय असं वाटलं आणि मी सरळ दोरा हातात धरला.

त्यानं एक हिसका दिला. माझा तळहात कापला आणि दोरा तुटला.

अक्कानं लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून माझा हात बांधला. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"दोरा कधी हातात धरायचा नाही," ती म्हणाली. "काठी वाकते, म्हणून दोरा वाचतो. हात वाकत नाही." एवढंच बोलली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षभरात घरात त्या माशाचं नाव निघालं नाही. पण तांबटाकडून ती दुसरी पळी करून घेऊन आली. मी लाकडाचा एक ओंडका विहिरीत सोडून आकडा घालायचा सराव करत होतो. आई बघून न बघितल्यासारखं करायची.

दुसऱ्या नाताळात तोच डोह. या वेळी मासा सकाळीच लागला. पहिल्या धावेत त्यानं जवळजवळ सगळा दोरा नेला, मग तळाशी जाऊन दगडासारखा बसला. अक्का काठीवर बोटानं टकटक करत राहिली. त्या कंपानं तो वैतागतो, ती म्हणाली. दीड तासानं तो कुशीवर वळला. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. आकडा नीट बसला. दोघांनी मिळून त्याला वाळूवर ओढलं.

लाकडाच्या डेपोतल्या काट्यावर तो सोळा शेर भरला. गार्डानं काट्याकडे दोनदा बघितलं.

"साहेबांनी एवढा कधी धरला नव्हता," तो अक्काला म्हणाला. दाजींना तो साहेबच म्हणायचा.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचा सगळ्यात मोठा अकरा शेरांचा."

मग ती पहिल्यांदाच दाजींबद्दल बोलायला लागली. ते पाण्यात कसे पडले होते, पहिल्या दिवशी तिच्या हातून काठी कशी निसटली, ते किती हसले. गार्डाच्या बायकोनं मसाला वाटेपर्यंत ती बोलत होती. गार्डानं शेजारच्या चार घरी वाटे पोचवले.

विधवेनं मासे खायचे की नाही यावर आमच्याकडे दोन मतं होती आणि अक्कानं गेली तीन वर्षं ते टाळलं होतं. त्या दिवशी तिनं ताट पुढं केलं आणि गार्डाच्या बायकोला म्हणाली, "मला पोटाकडचा तुकडा दे."

हुबळीला आल्यावर मी हे आईला सांगितलं.  पुढल्या बाजाराच्या दिवशी तिनं सुरमई आणली आणि अक्काला न विचारता तिच्या ताटात वाढली.