लाल खारव्याचं आसन

अकोल्याहून आमच्या घरात दोघी आल्या. आधी मी आले आणि माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती आली. मी आले तेव्हा बघायला शेजारच्या चार बायका होत्या. ती आली तेव्हा अमरावतीतली सगळी अंबापेठ रस्त्यावर उतरली होती.

ती म्हणजे मोटार. दोन माणसांपुरती, बुटकी, मागच्या बाजूला होडीसारखी निमुळती, शर्यतीत पळायला केलेली. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात गोरा इंजिनीयर होता. तो विलायतेला परत गेला आणि ही गंजलेली, उंदरांनी कुरतडलेली वस्तू मागे ठेवून गेला. आमच्या यांनी ती आणली. नवऱ्याचं नाव मी उखाण्यातच घेतलेलं, म्हणून ते इतरांच्याच तोंडून ऐका. हे अमरावतीत वकील. अशील कमी, हौस दांडगी. गाडी जागची हलत नव्हती, तेव्हा वलगावच्या खुशालरावांचे बैल जुंपून ती अकोल्यापासून ओढत आणली. खुशालराव म्हणजे आमच्या यांचे शाळेपासूनचे मित्र, काळ्या जमिनीचे धनी, आवाजानं आणि अंगानं दणदणीत.

"घ्या वैनी, आनली तुमची सवत!" ते फाटकातूनच ओरडले.

सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन भाकर इतकी जोरात थापली की ती परातीतच फाटली.

त्यानंतरची सहा-सात वर्षं मला नवऱ्याचे पायच तेवढे दिसत. बाकीचे हे गाडीखाली असत. गाडीच्या सांगाड्याचं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं. त्यासाठी हे परतवाड्याला जाऊन सागवान निवडून घेऊन आले, आणि मेळघाटाच्या इतक्या जवळ जाऊन माझ्यासाठी मधाची बाटलीसुद्धा आणली नाही. पाण्याची टाकी गळत होती, ती कासाराकडून पुन्हा पुन्हा डाख देऊन आणली. ठिणगी पाडणारं मॅग्नेटो नावाचं यंत्र ओल लागू नये म्हणून माझ्या मऊ लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. लुगडं नेताना मला विचारलंही नाही. मला ताप आला तर वैद्यांना बोलवा एवढं सांगून हे कचेरीत जायचे, आणि तिच्या बोटभर नळीसाठी मुंबईला तार करायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दर दसऱ्याला मात्र विटांवर उभ्या असलेल्या तिला हळदकुंकू मीच लावायचं. सवतीची पूजा, तीही सगळ्या गल्लीसमोर.

पण माझं खरं दुखणं होतं ते शेजारच्या जागेचं. गाडीत जागा दोनच. एक यांची. दुसरीवर रोज संध्याकाळी खुशालराव येऊन बसत. गाडी विटांवर, चाकं भिंतीला टेकवलेली, आणि हे दोघे आत बसून हसतायत, चहा मागतायत. तो चहा मी नेऊन द्यायची. मला त्या जागेवर बसायचं होतं. एकदाच यांच्या शेजारी बसून अकोल्याला जायचं आणि माहेरच्या दारात उतरायचं, एवढंच माझं मागणं होतं, आणि तेही मनातल्या मनात. उघड्या गाडीत नवऱ्याला लागून बसणं तेव्हा आमच्यात कोणी करत नसे. बैलांच्या दमणीत बायको मागे, टांग्यातही मागे. पण या गाडीला मागे बसायची सोयच नव्हती. न्यायचं तर शेजारीच बसवावं लागणार, असा माझा सरळ हिशेब होता.

सगळं जुळत आलं आणि आसनांवरून अडलं. जुनं चामडं कुजलेलं. नवं चामडं आणायचं म्हटल्यावर सासूबाईंनी पोथी मिटली. "कातडं माह्या अंगणात येनार नाई," म्हणाल्या. "कोनत्या जनावराचं असते, काय ठावं?" आईपुढे यांचं काही चालत नसे. तेव्हा खारव्याचं लाल जाड कापड आणलं, खुशालरावांनी आपल्या शेतातल्या कापसाची रुई दिली, आणि शिवायचं काम माझ्याकडे आलं.

यांचं आसन मी ऐसपैस शिवलं. दुसरं माझ्या मापाचं. दार लावून घेतलं, पाटावर बसून वितीनं माप घेतलं आणि दोन्ही अंगांना रुईचे असे लोड भरले की मधे माझ्याएवढंच माणूस बसावं. मी तेव्हा चिपाडासारखी होते. खुशालरावांची रुई खुशालरावांना बाहेर ठेवण्यासाठी ठासून भरताना मला जो आनंद झाला, तो मंगळागौरीतसुद्धा कधी झाला नव्हता.

दसऱ्याच्या दिवशी गाडी प्रथमच स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आली. सोनं लुटायला सीमेपलीकडे तीच न्यायची, असं ठरलं होतं. मी तबक घेऊन उभी. खुशालराव नवा फेटा बांधून आले, दार उघडून आत टेकले आणि अडकले. ना खाली जात, ना वर येत. शेवटी दोघांनी धरून ओढलं तेव्हा सुटले.

"वैनी, हे आसन हाये का सापळा?" ते घाम पुसत म्हणाले. "मी त काई यात मावत नाई, बुवा."

"अगंबाई, भावजी!" मी म्हटलं. "कापड थोडं कमी पडलं."

हे वळले. थेट माझ्याकडे बघितलं. हातातलं तबक मी ओट्यावर ठेवलं आणि पदर नीट केला. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला.

"सरक जराशी," सासूबाई म्हणाल्या.

लाल आलवणातल्या, मुठीएवढ्या सासूबाई पायऱ्या उतरल्या, गाडीपाशी गेल्या आणि आत बसल्या. त्यांच्यासाठीच शिवल्यासारखं ते आसन त्यांना बसलं. सगळी गल्ली बघत राहिली. ज्या बाईनं देवळापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती मोटारीत बसून म्हणाली, "चाल ना, कमलाकांता. कोनाची वाट पाहून राहिला?"

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "आईसाठी शिवलंस? अन् मले सांगितलंबी नाहीस!"

मी तबक उचललं आणि दोघांना ओवाळलं.

तेव्हापासून गावात माझं नाव झालं. सासूच्या मापाचं आसन शिवणारी सून म्हणून हळदीकुंकवाला बायका मला पुढे बसवायच्या. या नावानं माझे हातपाय बांधले. इतक्या गुणी सुनेनं ती जागा कोणत्या तोंडानं मागायची? सासूबाई दर मंगळवारी अंबादेवीला, एकादशीला कीर्तनाला, आणि पुढे पुढे तर उगाच हवा खायलाही जायला लागल्या. हे दर शनिवारी तेल बदलायचे, टायरला ठिगळं लावायचे, आणि सासूबाई ओट्यावरून विचारायच्या, "झाली का तयार?" मी आतून ऐकायची आणि जळायची. खुशालरावांवर जळत होते तेव्हा निदान उघड चेहरा पाडता यायचा. सासूवर जळायचं ते हसऱ्या तोंडानं.

माझ्या भावाच्या मुलाची मुंज अकोल्याला होती. मी मुलं आणि बोचकी घेऊन बडनेऱ्याहून आगगाडीनं गेले, कोळशानं तोंड काळं करून. माहेरच्या दाराशी पोचले तर गाडी आधीच उभी. सासूबाई ओसरीवर लिंबाचं सरबत पीत होत्या आणि माझी आई त्यांना वारा घालत होती. आई मला म्हणाली, "तुझं किती कौतुक करतात गं विहीणबाई! आसन तूच शिवलंस म्हणे." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि पाण्याचा नळ मोठा सोडून रडले. माझं दार, माझी आई, माझं आसन, आणि उतरली दुसरीच.

पुढे लढाई आली. पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडी परत विटांवर चढली. त्याच सालच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मीच केलं, आणि तेव्हाही त्यांनी विचारलं ते गाडीला झाकलंय का नीट.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी अंगणात गाडीसाठी बांधलेल्या टपरीत गेले, वरची ताडपत्री काढली, दार उघडलं आणि त्या जागेवर बसले. बसले कसली, लोडांवर टेकून राहिले. चार बाळंतपणं झाली होती माझी. माझ्याच मापाचं आसन, आणि त्यात मीच मावेना. मधे सासूबाईंच्या बसण्यानं खड्डा पडलेला, तोही त्यांच्याच मापाचा. मला असा संताप आला की शिवण फाडली आणि मूठ मूठ रुई उपसून बाहेर फेकू लागले.

हे केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. टपरीभर रुई. हलक्या आवाजात म्हणाले, "आईची आठवण आली?"

"नाही," मी म्हटलं. "हे मी माझ्यासाठी शिवलं होतं. त्या दसऱ्याला मला बसायचं होतं. तुमच्या आईसाठी नाही, कोणासाठी नाही. माझ्यासाठी."

हे जवळ आले. मग खाली बसून दुसऱ्या अंगाच्या लोडाची शिवण स्वतः उसवली, रुई काढली, हातानं चाचपून आसन सपाट केलं. मी आता नीट बसले. हे पलीकडून फिरून आपल्या जागेवर आले, दार लावलं आणि स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवले. गाडी विटांवर, टाकी कोरडी.

"कुठं जायचं?" यांनी विचारलं.

"अकोल्याला," मी म्हटलं. "पण आधी वलगावला घ्या. वाट वाकडी झाली तरी चालेल. खुशालरावांच्या दारावरून न्या, आणि सावकाश."