पितळी गडू
चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की दारव्ह्याजवळचं आमचं कपाशीचं शेत आठवतं. मी नवी सून होते. नुकताच बौद्ध धर्म घेतलेल्या वस्तीतली एक बाई वेचणी सोडून पाणी प्यायला आली. सवयीनं तिनं ओंजळ धरली, सासूबाईंनी शिवाशीव नको म्हणून गडू उंच धरला, आणि तिनं हात मागं घेत म्हटलं, “गडू खाली ठेवा बाई, मी घेतो.” सासूबाईंनी ठेवला नाही. ती तहानलेलीच परत गेली. त्या दिवसापासून पेला ओठाला लावला की मला ठसका लागे. ओंजळीनं मात्र पाणी उतरे. “काहून वं, घरात गिलास नाही काय?” सासूबाई विचारत. तहान तिची राहिली होती, मग ठसका मला का लागावा, हे कोडंच होतं. सासूबाई गेल्या, गडू माझ्याकडे आला. मी अजून ओंजळीनंच पिते.