वर्षश्राद्धाला आलेला बहिरी ससाणा

आप्पाकाकांच्या वर्षश्राद्धाला लालबाग, परळ आणि काळाचौकीचे झाडून सगळे कावळे आले होते. पानाला मात्र त्यातला एकही शिवला नाही.

आमच्या काळाचौकीच्या चाळीच्या गच्चीवर केळीचं पान मांडलेलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं काकांच्या आवडीचं. खाली काकीच्या दोन खोल्यांत तीसेक नातेवाईक ताटकळत बसलेले, कारण कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. आणि कावळे? समोरच्या चाळीस मजली टॉवरच्या टोकाभोवती नुसता कल्ला करत होते! खाली उतरायचं नावच नाही.

"बघितलंस? सगळे इलेत, पण येक खाली येणा नाय," आत्या म्हणाली. ही काकांची धाकटी बहीण. घरातलं कुठलंही कार्य तिच्या हुकमाशिवाय हलत नाही. "माझ्या भावाची कायतरी इच्छा ऱ्हवली."

खरं कारण मला ठाऊक होतं. कावळे असे जमून अंगावर जातात ते शिकारी पक्ष्याच्या. आणि ऐन जानेवारीत एवढ्या उंचीवर येऊन बसणारा पाहुणा म्हणजे बहिरी ससाणाच असणार!

इथे माझं दुखणं सांगायला हवं. मी तीन वर्षं पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. थंडी पडली की कोणाला गिरगाव चौपाटीवर कुरव दिसतात, कोणाला दादरला हळद्या. माझ्या नावावर आजतागायत एकही नोंद नाही. (एक होती. शिवडीच्या चिखलातला दुर्मीळ बगळा. झूम केल्यावर ती दुधाची पिशवी निघाली.) आज ससाणा नक्की झाला असता तर तीन वर्षांची नाचक्की एका दिवसात धुऊन निघणार होती.

पण माझी दुर्बीण आत्याने सकाळीच काढून घेतली होती. "आज श्राद्ध आसा, मॅच नाय!" मोबाईलवर ससाणा म्हणजे मोहरीचा दाणा. मी गुपचूप ग्रुपवर लोकेशन टाकलं.

एक सुतळी बॉम्ब लावला असता तर ससाणा उडाला असता, कावळे खाली आले असते आणि तीस माणसं जेवली असती. मी गप्प बसलो. हो, बसलो! नोंद हवी होती मला.

काकांचा मुलगा नितीन पानापुढे हात जोडून उभा राहिला. "बाबा, आईला मी नीट सांभाळीन."

कावळे वरच.

"गुटखा सोडतो, बाबा."

कावळे वरच. नितीन आत्याकडे वळला. "आत्या, दर्भाचा कावळा करून लावू या ना पानाला. चालतं. भूक लागलीय गं!"

"माझ्या भावाक गवताचो कावळो?" आत्या कडाडली. मग तीच पुढे झाली, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटली, "आप्पा, तुझ्या लग्नातला तांब्याचा घंगाळ मीच न्हेलंय. परत देतंय."

"तुम्ही नेलंत?" काकी जवळजवळ किंचाळली. "तीस वर्षं मी माझ्या जावेवर संशय घेतला!" (ती जाऊ म्हणजे माझी आई. ती खाली खीर ढवळत होती म्हणून प्रसंग टळला.)

एवढ्यात ग्रुपचे म्होरके कर्णिक सर गच्चीवर पोचले. अंगात हिरवं जाकीट, खांद्यावर तीन पायांचं तिकाटणं आणि हातभर लांब दुर्बीण. आत्याला वाटलं, काकांच्या ऑफिसातले असणार. तिने त्यांना खुर्ची दिली आणि पदर डोळ्यांना लावला. कर्णिक सरांनीही गोंधळून दोन मिनिटं मान खाली घातली. मग दुर्बीण टॉवरवर रोखली आणि ओरडले, "प्रकाश! अरे, मिशा दिसतायत! काळ्याभोर मिशा!"

ससाण्याच्या गालावर काळा पट्टा असतो, त्याला आम्ही मिशा म्हणतो. पण काकांच्याही मिशा तशाच काळ्याभोर होत्या, आता हे आत्याला कोण सांगणार?

"मिशा?" तिने कर्णिक सरांना कोपराने बाजूला सारलं आणि डोळा लावला. "आप्पाच गो, वैनी! तीच नजर! रागान बघतासा!"

मग काय, गच्चीवर रांगच लागली. काकीने बघितलं आणि ओळखलं. "हेच! जेवण वाढायला उशीर झाला की अस्सेच बसायचे." नितीनने बघितलं आणि सरळ नमस्कारच घातला. खालून नातेवाईक वर यायला लागले. नोंदीचा नियम असा, की पक्ष्याच्या खुणा ज्याने स्वतः पाहिल्या त्याचंच नाव लागतं. मी रांगेत उभा राहिलो. मोठी माणसं पुढे घुसत होती, मी तरी काय बोलणार? शेवटी माझा नंबर आला. मी डोळा लावणार, इतक्यात आत्याने माझी कॉलर धरली.

"आता तूच ऱ्हवलंस! तुझीच काळजी होती त्याका."

"माझी कसली काळजी?"

"हे नेहमी म्हणायचे," काकी मध्येच म्हणाली, "पक्या दुर्बीण लावून लोकांच्या खिडक्यांकडे बघतो, एक दिवस मार खाईल."

"काकी, मी पक्षी बघतो गं!"

"पानासमोर बस. डोळे मीट. आणि बोल, दुर्बिणीक हात लावचंय नाय."

"आत्या, एक मिनिट, फक्त एकदा बघू दे..."

"तीस माणसा उपाशी आसत, मेल्या!"

बसलो. डोळे मिटले. "काका, पुन्हा दुर्बिणीला हात लावणार नाही," म्हणालो, आणि त्याच क्षणी गच्चीवर एकच आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर टॉवरचं टोक रिकामं!

ससाण्याने सूर मारून समोरच्या टाकीवरून उडालेलं कबुतर हवेतच उचललं होतं म्हणे. काकी सद्गदित झाली. "ह्यांचा रविवार कधी मटणाशिवाय गेला नाही. आपण वडे दाखवत बसलो!" पक्षी शिवडीकडे गेला, कावळे खाली उतरले आणि पानावर तुटून पडले. कोणाच्या शब्दाने काकांचं समाधान झालं यावर जेवताना चर्चाही झाली नाही. सगळ्यांच्या मते माझ्याच!

संध्याकाळी ग्रुपवर नोंद आली. बहिरी ससाणा, काळाचौकी. निरीक्षक कर्णिक, नितीन, काकी, आत्या. मी सरांना फोन केला.

"सर, सगळ्यात आधी मी कळवलं होतं!"

"प्रकाश, तू खुणा पाहिल्यास का?"

"नाही."

"मग?"

आता आत्या दर रविवारी ग्रुपबरोबर शिवडीला पक्षी बघायला जाते. माझी दुर्बीण तिच्याच गळ्यात असते. मी घंगाळ परत आणायला तिच्या घरी गेलो, तर तिने मला दारातच थांबवलं आणि म्हणाली, "हळू बोल रे, खिडकीत सुभग पक्षी बसलाहा. तुका काय कळताला त्यातला!"