रुमालाखालची तीन बोटं

साखर कारखान्याच्या एका संचालकाने मला फसवलं, आणि मी डॉक्टरांना फसवलं. घडलं ते याच क्रमाने. आमच्या भागात लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा संचालकाला वगळून थेट माझ्यापासून सुरुवात करतात. म्हणून लिहायला बसलो.

मी हेड्या. जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जमवायचा, हा माझा धंदा. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांची खोंडं हाकत मी बाजारात आलो आणि चाळीस वर्षांत मलकापुरात स्वतःचं घर बांधलं. राग माझ्या नाकावर असतो हे मला मान्य आहे. पण माझ्या हातून झालेला सौदा कधी फिरला नाही, हेही बाजाराने मान्य केलेलं आहे.

आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. पटला नाही तर हात झटकायचा. पटला तर समोरचा सगळी बोटं एकदम दाबतो, आणि तिथं सौदा संपतो. मग कागद नाही, साक्षीदार नाही. दाबलेला हात नाकारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ही विद्या मला एका म्हाताऱ्या हेड्याने शिकवली. तो संचालक त्याचाच मुलगा. बाप गेल्यावर त्याने बाजार सोडला, राजकारणात शिरला आणि आमदारांचा उजवा हात झाला. मला तो काका म्हणायचा.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. मूळचे सांगलीचे. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी काढली आणि तिथंच रिटायर झाले. त्यांच्या बायकोने, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो, सांगलीच्या घराला रंग देऊन ठेवला होता. पण डॉक्टरांच्या जागेवर नवा माणूसच आला नाही. दवाखान्याला कुलूप लागलं, लस ठेवायचा फ्रीज बंद पडला, कंपाउंडरची बदली झाली. डॉक्टर म्हणाले, दुसरा येईपर्यंत थांबतो. भाड्याच्या खोलीच्या ओट्यावर ते जनावरं बघू लागले, आणि बाई सांगलीहून दर पंधरा दिवसांनी डबे घेऊन यायच्या आणि चला म्हणायच्या.

दोन वर्षं त्यांनी अर्ज केले. साताऱ्याला जिल्हा परिषदेत गेलं की पुण्याला विचारा म्हणत, पुण्यात गेलं की मुंबईला. शेवटी कुणीतरी चिडवायला म्हणालं की साहेब, आता तुम्हीच आमदार व्हा. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. पंच्याण्णवची विधानसभा होती. त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि सूचक म्हणून सही मी केली.

डॉक्टरांना मत मागता येत नव्हतं. एका वस्तीवर ते हात जोडून उभे राहिले, तर म्हातारी म्हणाली, "मत देते की, पर आदी शेळीचं बघा." त्यांनी शेळीचं बघितलं, औषध लिहून दिलं आणि पुढच्या घराकडे वळले. मत मीच मागितलं. प्रत्येक गावात हेच. त्यांनी सभा म्हणून घेतली नाही, पण जिथं जातील तिथं दावणीपाशी माणसं गोळा होत. अर्ज भरल्यानंतरच्या त्या चार-पाच दिवसांत कळून चुकलं की हा माणूस निवडून येईल असं नाही, पण आमदारांना पाडू शकेल. समोरच्याला जनावराची गरज किती आहे हे ओळखणं हाच माझा धंदा. आमदारांच्या माणसांची गरज मला लांबून दिसत होती. ती माणसं माझ्याशी फार गोड बोलायला लागली होती.

मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, भाव चढलाय तोवर माघार विकून मोकळं होऊ. वाटलं रागावतील. ते म्हणाले, "आबा, मला आमदार व्हायचं नाही. दवाखान्याला डॉक्टर मिळाला तर मी उद्याच सांगलीला जाईन." अर्ज मागे घेण्याच्या नोटिशीवर त्यांनी सही केली, ती माझ्या हातून कचेरीत देण्याचं अधिकारपत्रही करून दिलं. पेनाला टोपण लावताना एवढंच म्हणाले, "पण लिहून घ्या. लिहून घेतल्याशिवाय हा कागद द्यायचा नाही."

मला ते लागलं. चाळीस वर्षांत मला लिहून घ्या म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. पण मी बरं म्हणालो.

माघारीची मुदत त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीसमोर चहाच्या गाड्यापाशी संचालक माझी वाटच बघत होता. मी तीन गोष्टी मागितल्या. कायमचा डॉक्टर, चालू फ्रीज आणि कंपाउंडर. तिन्ही निकालानंतर महिन्याच्या आत. आणि हे लिहून पाहिजे म्हणालो. तो हसला.

"आवं काका, आचारसंहिता हाय. आत्ता कागद केला तर तुमी-आमी दोघंबी आत जाऊ. आन् तुमाला कागद कवापासनं लागाय लागला?" असं म्हणून त्याने खांद्यावरचा रुमाल काढला. "माझ्या बाच्या शिष्याशी मी कागदानं बोलू व्हय?"

इथं मी फसलो. त्याने बापाचं नाव काढलं म्हणून नव्हे. चारचौघांत कचेरीसमोर कुणीतरी मला माझ्या विद्येचा मान देत होतं, त्याला मी भुललो. बाजारातल्या अडाणी माणसांची रीत आता आमदारकीच्या दारात चालणार, या विचाराने माझी छाती भरून आली.

त्याने रुमाल टाकला. आधी माझं एक बोट धरलं, म्हणजे फक्त डॉक्टर. मी हात झटकला. दोन धरली. परत झटकला. मग मीच त्याच्या हातात तीन बोटं दिली आणि ताठ धरून ठेवली. गाड्यावरचा चहा उतू गेला तोवर त्याने वेळ काढला. कचेरीतलं घड्याळ तीनाला दहा कमी दाखवत होतं. मग त्याने तिन्ही बोटं एकदम दाबली. चांगली दाबली. नखं पांढरी होईपर्यंत.

मी आत गेलो आणि कागद दिला.

डॉक्टर कचेरीच्या मागच्या बाजूला जीपमधे बसले होते. त्यांनी विचारलं, "लिहून घेतलं?"

"घेतलं," मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या घटकेला मला ते खोटं वाटलंच नव्हतं. माझ्या लेखी बोटं दाबणं हे लिहिण्यापेक्षा पक्कं होतं. डॉक्टरांना तो हिशेब समजावत बसण्यापेक्षा एका शब्दात सांगितलं, इतकंच. पण खोटं ते खोटं.

त्या साली राज्यात जिकडेतिकडे अपक्ष निवडून आले. आमचे आमदार थोडक्यात वाचले. महिना गेला, दुसरा गेला. दवाखान्याचं कुलूप गंजत राहिलं. मी निरोप पाठवत होतो, संचालक दौऱ्यावर असायचा.

पाऊस सुरू झाल्यावर जनावरांत घटसर्प आला. सकाळी म्हैस खात नाही, दुपारी गळा सुजतो, दिवस मावळायच्या आत जाते. माझ्या गोठ्यातल्याच दोन गेल्या. डॉक्टर चिखलातून वस्त्या फिरत होते, पण लस नाही तर हात काय करणार. जिथून थोडीफार लस मिळाली, तिथून ती थर्मासमधे बर्फ घालून आणावी लागे, आणि गावात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होई.

एका सकाळी ते माझ्या दारात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हाताला फिनेलचा वास. म्हणाले, "आबा, तो कागद द्या. साताऱ्याला स्वतः घेऊन जातो. आमदारांच्या माणसानंच कबूल केलंय म्हटल्यावर आठ दिवसांत फ्रीज तरी येईल."

मी आत गेलो. ट्रंक उघडली. त्यात काही नाही हे मला माहीत होतं, तरी मी खरेदीखतं, रेशनकार्ड, कर्जाच्या पावत्या एकेक काढून जमिनीवर मांडत राहिलो. बायको विचारत होती की काय हरवलं, आणि मी तिच्यावरच ओरडलो. ट्रंक रिकामी झाली तेव्हा मला बाहेर यावंच लागलं.

"कागद न्हाई, डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "रुमालाखाली सौदा झाला. त्यानं हात दाबला हुता."

त्यांनी दारातल्या बादलीत हात बुडवले आणि सावकाश धुतले. त्यांना ही रीत माहीत होती. आयुष्यभर बाजारातल्या जनावरांचे दाखले त्यांनीच लिहिले होते.

"किती बोटं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"बरं," ते म्हणाले, आणि गेले.

मी त्याच दिवशी कारखान्यावर गेलो. संचालकाने मला बसवलं, चहा मागवला. मी विचारलं, तीन बोटं दाबलीस का नाही. तो जरासुद्धा गडबडला नाही.

"दाबली की," तो म्हणाला. "तुमचा हात गार पडला हुता, काका. म्हातारं माणूस, म्हणून जरा ऊब दिली."

खोलीतले दोघंतिघं हसले. मी हात उचलला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याच्या बापाचा हार घातलेला फोटो होता, खांद्यावर तोच रुमाल. माझा हात वरच राहिला. मग शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं, आणि मी आलो. एवढा तापट माणूस मी, पण बैल हाकावा तसा आलो. पोलिसांत काय सांगणार होतो? बाजारात सांगितलं तर माझ्याच धंद्याची रीत मोडीत निघणार. मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो म्हणून लोकांना वाटलं की मी डॉक्टरांना विकून खाल्लं.

घटसर्प ओसरल्यावर डॉक्टर सांगलीला गेले. टेम्पोत एक कॉट, दोन पेट्या आणि बाईंचे डबे. ओट्यावर उभं राहून लोकांनी निरोप दिला. मी लांब थांबलो होतो. त्यांनी मला हाक मारून जवळ घेतलं असतं तर मला सोसलं नसतं. त्यांनी हाक मारली नाही, तेही सोसत नाही.

पुढे माधवनगरला एका मिलमालकाच्या गाईचा सौदा होता, तेव्हा सांगलीच्या एसटी स्टँडवर ते मला दिसले. हातात भाजीची पिशवी होती. ते गावात असताना माझ्या कालवडीच्या पायाला जखम झाली होती, ती भरली का, एवढंच त्यांनी विचारलं. भरली म्हणालो. बस आली आणि मी चढलो. गाईच्या सौद्यात मी त्या दिवशी रुमाल टाकला नाही. भाव तोंडाने बोललो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघतच राहिलं.

डॉक्टरांचं मी देणं लागतो, आणि ते मी फेडू शकत नाही, हे मी कबूल करतो. पण क्रमाने पहिला मी नाही. दवाखाना अजून बंद आहे. संचालक अजून कारखान्यात बसतो, आणि बाजाराच्या दिवशी त्याची गाडी माझ्यासमोरून काच वर करून जाते. त्याने एकदा काच खाली करावी, गाडीतून उतरावं आणि जिथं त्याचा बाप उभा राहायचा त्या लिंबाखाली उभं राहावं. रुमाल नको. उघड्या हातावर, सगळ्या बाजारासमोर, त्याने सांगावं: माघारीच्या दिवशी तीनाला दहा कमी असताना माझी तीन बोटं तू दाबलीस ती कशासाठी?