समोरच्या काकांचा नवा फ्रिज

सोप्या गोष्टीत अडकून पडण्याची विद्या आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतकी कुणालाच साधली नसेल. मुलुंडच्या आमच्या इमारतीत सगळ्यांत शिकलेले तेच. पण नवा पंखा लावला, तर तो उलटा तर फिरत नाही ना, हे विचारायला आमच्याकडे येत. त्यांच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा तर माझंही डोकं चालेना. हमालांनी तो जिन्यात आडवा केला होता, म्हणून काकांनी आधी तो नुसता उभा ठेवला. "आत तेल असतं रे, ते खाली बसू दे," असं म्हणून दुपारभर कुणाला बटण दाबू दिलं नाही. मग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मग तो तिरका नाही ना, हे पाहायला त्याच्यावर पाण्याने भरलेली परात ठेवली आणि उतरवताना ती काकींच्या पायांवर ओतली. काकी शांतपणे म्हणाल्या, "फ्रिज सरळच आहे हो. तुम्हीच वाकडे."

खरा घोळ आतल्या आकड्यांनी घातला. मोठा आकडा म्हणजे जास्त थंड की कमी? दुकानदार म्हणाला चारवर ठेवा, मेकॅनिक म्हणाला दोनवर, आणि मुलाने फोनवर पाच सांगितलं. काकांनी सगळ्यांचंच ऐकलं. सकाळी दुधाचा दगड, संध्याकाळी दही आंबट, कोथिंबीर तर हात लावला की मोडायची. शिवाय आत गार आहे का, हे बघायला ते सारखं दार उघडत. "उघडल्याशिवाय कळणार कसं?" "पण उघडलं की गारवा जातो ना, काका." ते विचारात पडले. मग मीही पडलो.

तोवर काकींचं इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये होतं. शेवटी मी आत ठेवायचा थर्मामीटर आणून दिला, सगळं जमलं, तरी काका इन्सुलिन न्यायचं नाव काढेनात. मी जरा वैतागूनच विचारलं, "आता काय राहिलं?" आम्ही आमच्याच घरी होतो, काकी आत माझ्या आईशी बोलत होत्या. काका आवाज उतरवून म्हणाले, "जुन्या फ्रिजमध्ये ते गोठलं होतं रे. पुन्हा पातळ झालं, पण त्याचा गुण गेला होता, मला काही कळलंच नाही. तेच टोचत राहिलो. साखर वाढत गेली, ॲडमिट करावं लागलं. आणि मी तिच्यावरच ओरडत होतो, चोरून गोड खातेस म्हणून."

काकी केव्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी आमच्या फ्रिजमधून इन्सुलिनची डबी काढली आणि काकांच्या हातात दिली. "चला. आपल्या घरी ठेवू."

आता सगळं सुरळीत चाललंय. फक्त रोज टोचण्याआधी काका बाटली खिडकीच्या उजेडात धरतात आणि काकींना विचारतात, "बघ गं, ठीक आहे ना?" काकींना हल्ली समोरचा माणूसही धड दिसत नाही. तरी त्या डोळे बारीक करून नीट बघतात आणि म्हणतात, "चांगलं आहे. टोचा."