तळटीपेतली माणसं

आम्ही तिघं जुने रिसर्चवाले भेटलो, की प्रबंधात काय लिहिलं होतं ते कुणालाच आठवत नाही. आठवतात त्या तळटीपा! एकानं एक काढली की दुसऱ्याला दोन सुचतात, आणि चहा पुन्हा गरम करावा लागतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आम्ही एकाच गाइडकडे पीएच.डी. करत होतो. खापरखेड्याचा मेश्राम, सावनेरची शालिनी आणि उमरेडची मी. आमचे वैरागडे सर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचे, "हे कुठून घेतलं?" छापील पुस्तक दाखवलं की खूश. पण आमचे विषयच असे, की त्यांवर पुस्तकं नव्हती!

एकदा शिपायानं सांगितलं, उद्या सुट्टी आहे. सरांनी त्यालाही विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "तुमच्या घरून बाईंचा फोन होता." सरांनी दुसरा आधार मागितला नाही.

*

मेश्रामचा विषय कामगार वसाहत. तिथल्या चौकात एक काळा फळा होता. कोण वारलं, कुणाचं लग्न, कुठे सभा, सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं. मेश्रामनं त्यातला मजकूर प्रबंधात घेतला आणि खाली लिहिलं, 'चौकातला फळा'. सर स्वतः बसनं खात्री करायला गेले. फळ्यावर होतं, 'दोन दिवस नळ येणार नाही.'

सरांनी नियम केला. फळा कधी पाहिला ती तारीख लिहायची आणि सोबत पाहणाऱ्याची सही घ्यायची. मेश्राम जोशात घरोघरी फिरला. शेजारच्या मावशींनी सही केली, पण पेन काही परत देईनात. म्हणाल्या, "आता मले बी परीक्षेले बसा लागन का गा?"

*

शालिनीनं रेडिओवरच्या कापसाच्या भाषणातलं एक वाक्य वापरलं होतं. फार सुंदर वाक्य! पण भाषण हवेत विरून गेलेलं, कागद कुठेच नाही. तिनं वक्त्याचा पत्ता काढला, धंतोलीत त्यांच्या घरी गेली आणि वाक्य वाचून दाखवलं.

त्या गृहस्थांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मी असं बोललोच नाही. पण छान आहे, राहू द्या माझ्या नावावर."

*

माझं पुडीचं प्रकरण. सीताबर्डीवर फुटाणे घेतले, तर पुडीच्या कागदावर विणकरांच्या मोर्चाची जुनी बातमी! नेमकी अर्ध्यावर फाटलेली. मी धावत दुकानात परत गेले. फुटाणेवाल्यानं सगळी रद्दी उपसली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे हात करून म्हणाला, "बाकी की खबर उनके पास है." ते गृहस्थ सायकलवर बसून निघालेले. मी ओरडत मागे पळाले, पण ते काही सापडले नाहीत. सरांनी ती तळटीप ठेवू दिली, तेलाच्या डागासकट.

*

आणि माझी तोंडी परीक्षा!

विषय उमरेडचं विणकाम. मी लिहिलं होतं, करवतकाठी लुगड्याच्या काठाचे करवतीसारखे दाते, आडवा धागा नेणारे तीन धोटे फिरवून, दोघी जणी बसून मागावरच विणतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. त्यात छापलं होतं, काठ नंतर शिवून जोडतात. मग त्यांनी माझी तळटीप वाचली आणि विचारलं, ह्या उमरेडच्या विणकर बाई कोण? आडनाव तर तुमचंच आहे.

मी म्हणाले, माझी आई.

त्यांनी प्रबंध मिटला. घरच्या माणसाची साक्ष चालणार नाही, हे प्रकरण नव्यानं लिहा, म्हणाले. चार वर्षांचं काम! तेवढ्यात वैरागडे सर उठले. त्या बाई सकाळच्या एसटीनं आल्या आहेत आणि बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्यांनाच विचारू, म्हणाले.

आई आत आली. अंगावर तिचं स्वतः विणलेलं लुगडं. परीक्षकांनी पुस्तकात काय छापलं आहे ते तिला आदरानं समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, पदराचा काठ उलटा केला आणि त्यांच्यासमोर टेबलावर पसरला.

"पाहा. टाका दिसते का?"

परीक्षकांनी चष्मा काढून, काठ डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग बोट फिरवून पाहिलं. टाका नव्हता. ते पुटपुटले, लेखकानं तर लुगडं पाहूनच लिहिलं असेल.

"पाह्यलं असन," आई म्हणाली, "उलटं करून नसन पाह्यलं."

परीक्षकांनी प्रबंध पुन्हा उघडला, पेनाचं टोपण काढलं आणि आईला तिचं पूर्ण नाव विचारलं. काहून, असं तिनं विचारल्यावर म्हणाले, तळटीपेत नीट यायला हवं.

आईनं नाव सांगितलं. ते लिहू लागले, तशी ती खाली वाकून म्हणाली, "माह्या जावंचं बी लिहा. डावा काठ तिचा आहे."